पार, छपरी आणि प्रार्थनाभूमी

वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत मन हलके करायची जागा जुन्या काळापासून उंबऱ्याबाहेर होती: पिंपळाचा पार, देवळाचा ओटा, घरापुढची छपरी. वावरातून परतलेला कास्तकार तिथे घटकाभर टेकायचा. पऱ्हाटीवरच्या अळीपासून पोरीच्या सोयरिकीपर्यंत सगळा घोर चार माणसांत बोलला जायचा. पण पार सगळ्यांचा नव्हता. दलितांना आणि बायकांना तिथे बरोबरीने बसता येत नसे. ही उणीव लहान नव्हती.

१९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. १९४० मध्ये त्याच गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्यांचा तिथला आश्रम काही कास्तकाराच्या मनःस्वास्थ्यासाठी बांधला नव्हता, तरी माणसाला जवळ घेणारी जागा कशी असावी हे तिथे डोळ्यांनी पाहता येते. गांधीजींच्या शिष्या मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली कुटी पुढे गांधीजींची बापूकुटी झाली. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू, म्हणजे आसपासच्या कुठल्याही घराचेच साहित्य. जाड मातीच्या भिंती वैशाखातही आत गारवा धरतात. भिंतीवर मीराबेननी मातीनेच उठावात ताडाची झाडे घडवली आहेत. बसणे जमिनीवर, चटईवर. त्यामुळे आलेला आणि भेटणारा एकाच पातळीवर. प्रार्थना खडी पसरलेल्या मोकळ्या पटांगणात होई. तिथे जात विचारली जात नसे. कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींना गावकुसाबाहेर न ठेवता गांधीजींनी आश्रमातच कुटी दिली आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. पाराने जे नाकारले होते, ते इथे मिळाले.

कास्तकाराचा घोर पुढे जिवावर बेतू लागला. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज दिले. त्यात वर्धा होता. भर व्याजमाफी, सिंचन आणि बियाण्यांवर होता. मनाचा विचार शासकीय योजनेत ठळकपणे आला तो २०१५ च्या ‘प्रेरणा प्रकल्पा’त. विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत गावातल्या आशा आरोग्य सेविका घरोघरी जाऊन विचारपूस करू लागल्या. ज्याला गरज असेल त्याला समुपदेशनासाठी आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवायचे, अशी ती साखळी.

दवाखान्याची पायरी चढताना कास्तकार ‘मला काय वेड लागलं?’ म्हणून अडखळतो. आशाताई मात्र घरीच येते, छपरीत टेकते. फक्त त्या छपरीत सासू, भाऊ, शेजारी यांचे कान असतात. कर्जाची किंवा दारूची गोष्ट तिथे तोंडातून निघत नाही. त्यासाठी घराबाहेरची, तरीही दवाखान्यासारखी न वाटणारी एखादी सावलीची जागा गावातच लागते.