माथेरानची गाडी आणि मस्कतचे अंगण

माथेरानच्या गाडीविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा धुके, माकडे आणि हनिमूनच्या जोडप्यांविषयी. ही गाडी सह्याद्रीच्या पावसात शंभराहून अधिक वर्षे टिकली कशी, याची चौकशी फारसे कोणी करत नाही. मस्कतला राहून घराच्या अंगणात छोटी रेल्वे उभारण्याचा छंद जडलेल्यांनी मात्र ती जरूर करावी.

या रेल्वेमागे सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची जिद्द होती. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी धावू लागली. लांबी सुमारे २० कि.मी. आणि रुळांमधले अंतर अवघे २ फूट, म्हणजे ६१० मि.मी. एवढ्या अरुंद रुळांमुळे खर्च वाचतोच, शिवाय डोंगराच्या कडेकडेने तीव्र वळणे घेता येतात. कातळ कमी फोडावा लागतो. मात्र कडेने जाणाऱ्या रुळांना माथ्यावरून उतरणारा प्रत्येक ओहोळ ओलांडावा लागतो, आणि खरी लढाई तिथेच होते.

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग वाहून गेला. मार्च २००७ मध्ये, शताब्दीच्या वर्षी, गाडी पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसाने तो पुन्हा उखडला आणि नेरळपासून माथेरानपर्यंतची गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये परत आली. नेरळ ते अमन लॉज हा भाग दर पावसाळ्यात बंदच ठेवतात. वरच्या वर अमन लॉज ते माथेरान एवढी फेरी चालते. निसर्गाशी केलेली ही तडजोडच म्हणायची. गाडी टिकली ती दर वेळी कोणीतरी ती पुन्हा बांधली म्हणून.

योगायोग पाहा. माथेरानची गाडी परत सुरू झाली त्याच वर्षी, जून २००७ मध्ये, गोनू वादळ मस्कतवर आले. एरवी वर्षाला जेमतेम १०० मि.मी. पाऊस पडणाऱ्या या गावात कोरडे वादी नद्यांसारखे वाहिले आणि कुरुम पाण्याखाली गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहीन वादळाने बातिना किनाऱ्याची तीच गत केली. इथे पाऊस क्वचित येतो म्हणून त्याचा विचारच करू नये, हा हिशेब चुकीचा ठरतो.

ओमानी लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यांच्या फलजांपैकी पाच, त्यांत निजव्याचा फलज दारीस, २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. पाण्याचा पाट वादी ओलांडतो तिथे काही ठिकाणी तो वादीच्या तळाखालून नेऊन पलीकडे पुन्हा वर काढलेला असतो. वादीला अडवायचे नाही, तिची वाट मोकळी ठेवायची.

अंगणातल्या रेल्वेलाही हाच न्याय लावावा. रूळ जमिनीवर न टाकता सिमेंटच्या ब्लॉकच्या खांबांवर, कमरेएवढ्या उंचीवर न्यावेत. खांबांमधून पाणी आणि वाळू निघून जाते, आणि चाळिशीनंतरच्या गुडघ्यांनाही आराम पडतो. वरचा तक्ता लाकडाचा नको. तो उन्हात वाकतो आणि वाळवीला आयता मिळतो. तक्त्याला भोके पाडून वर खडी घातली की पाणी साचत नाही.

मस्कतला पावसाहून नेमाने येते ते ऊन. बागेतल्या रेल्वेसाठी ४५ मि.मी. अंतराचे पितळी रूळ सर्रास वापरतात. हिवाळ्यातल्या पहाटे २० अंशांवर असलेला रूळ जूनच्या दुपारी ७० अंशांना पोचला, तर १० मीटरमागे साडेनऊ मि.मी. वाढतो. प्रत्येक सांध्यात मिलिमीटरभर फट न ठेवल्यास रूळ साप वळवळावा तसा वाकडा होतो. म्हणून रूळ खिळ्यांनी आवळू नयेत, त्यांना सरकू द्यावे. धूळ आणि खारी हवा रुळांतून जाणारी वीज अडवतात. इंजिनात बॅटरी ठेवली की तोही प्रश्न सुटतो.

आता मुख्य अडचण. भाड्याच्या घरात एवढी उस्तवारी कोणी करावी? 'दोन वर्षांसाठी आलोय' म्हणत आपण इथे वीस वर्षे काढतो, आणि तोवर काहीच पक्के बांधत नाही. मुलांचे बालपण मात्र याच वीस वर्षांत उरकते. सुट्टीत गावी गेल्यावरच त्यांना आगगाडी दिसते. सोहार ते अबू धाबी रेल्वेच्या बांधकामाला २०२४ साली प्रारंभ झाला, पण अंगणातल्या गाडीने तिची वाट का पाहावी?

खांब सुटे रचावेत आणि रूळ तुकड्यातुकड्यांत जोडावेत, म्हणजे घर बदलताना सारे उचलून नेता येईल. पण आहे त्या जागी पाया मात्र असा घालावा, की जणू पुढचे गोनू याच अंगणात येणार आहे.