शेक हवा, धूर नको

बाळाला बाधणारे प्रदूषण म्हटले की डोळ्यांपुढे कारखाना येतो, आणि खानदेशातल्या शिरपूरकरांना तर तो येणारच. 31 ऑगस्ट 2019 रोजी वाघाडीजवळच्या रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात किमान 12 जणांचा जीव गेला. पण तान्ह्या बाळांच्या श्वासात पिढ्यान्‌पिढ्या जे गेले, ते घरातच पेटवलेले होते. दारे-खिडक्या लावलेली बाळंतिणीची खोली, बाजेखाली शेगडी, अंघोळीनंतर ओवा-शेपांची धुरी. हा क्रम खानदेशात, आणि महाराष्ट्रात इतरत्रही, सव्वा महिन्यापर्यंत चाले. त्याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. कमी वजनाचे बाळ थंडीने लवकर दगावते, हे आजचे वैद्यकही सांगते. म्हणजे आजीबाईंचा हेतू बरोबर होता. चूक होती ती ऊब आणि धूर एकच मानण्यात.

ही चूक किती महागात पडेल, ते जळणावर ठरत होते आणि जळण ठरत होते शेतीवर. 1861 ते 1865 या अमेरिकी यादवीच्या काळात कापसाचा भाव चढला, खानदेशात कपाशीचा पेरा वाढला. पुढे 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगलातल्या सरपणावर निर्बंध आणले. उत्तरेला सातपुडा असूनही तापीकाठच्या घरांत चुलीला शेतातल्या पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या लागल्या, यात नवल नाही. हे जळण धगधगून लवकर संपते, ओले असले की कोंडलेल्या खोलीत धूर साचवते. प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, तर नवजात बाळ चाळीस ते साठ. धुरातला कार्बन मोनॉक्साइड गर्भवतीच्या रक्तातली ऑक्सिजन वाहण्याची जागा अडवतो, आणि ती तूट पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते.

यावर कोणी म्हणेल, आमच्या आज्या-पणज्या याच खोल्यांत वाढल्या. पण जी बाळे वाढली नाहीत, त्यांची साक्ष कोणी काढत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारतातील तमिळनाडूसह ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथे सुमारे 3,200 गर्भवतींची चाचणी झाली. 2022 मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, चुलीऐवजी गॅस मिळालेल्या स्त्रियांच्या श्वासातले सूक्ष्म कण बरेच घटले, तरी बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. ही गोष्ट झाकून गॅसजोडणी देणाऱ्या सरकारी उज्ज्वला योजनेचे गोडवे गाणे अप्रामाणिक ठरेल. मात्र त्या चाचणीत गॅस आला तो गरोदरपण सुरू झाल्यावर, आणि प्रश्न होता स्वयंपाकाच्या धुराचा. बाजेखालच्या शेगडीची परीक्षा तिने घेतलेली नाही. तिच्यातून निघणारा धडा एवढाच, की आईचे पोषण आणि प्रसूतीनंतरची निगा सोडून एकट्या सिलिंडरवर भरवसा ठेवू नये.

निगेचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या 39 गावांत आरोग्यदूत स्त्रियांकडून घरोघर नवजातांची काळजी घेतली. जंतुसंसर्गावर उपचार झाले, बाळांना दुपटी-पांघरुणांत उबदार ठेवले गेले, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. म्हणजे परंपरेने मागितलेली ऊब धुराशिवायही देता येते. शिरपूरच्या मे महिन्यातल्या उकाड्यात तर शेगडीला काही कामच नाही; हिवाळ्यात आईच्या अंगाशी धरलेले बाळ आणि उघडी खिडकी पुरते. मालिश, गरम पाण्याची अंघोळ, सव्वा महिन्याची विश्रांती हे सगळे राखावे आणि धुरी तेवढी वगळावी.