पुढची कळ कोणाची? : पॅनेल-बदलाच्या अभ्यासाची प्रस्तावना

पडद्यावर डावीकडे फाइलींची यादी, मधे मजकूर, खाली शोधाची चौकट. डिलीटची कळ दाबली. मजकुरातले एक अक्षर जाणार, की यादीतली अख्खी फाइल? एका पॅनेलमधून दुसऱ्यात जाण्याचा अभ्यास या प्रश्नापासून सुरू होतो. वापरणाऱ्याचे लक्ष आणि संगणकाचा फोकस (म्हणजे पुढची कळ ज्याला मिळणार ती जागा) एकाच ठिकाणी राहावेत, एवढीच त्याची मागणी आहे. ती पुरी करणे मात्र सोपे नाही.

१९७०च्या दशकात झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रातल्या स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग प्रणालीने एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या आणल्या. १९८५च्या विंडोज १.०ने त्या शेजारी-शेजारी मांडल्या. १९८६च्या नॉर्टन कमांडर या फाइली हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये तर, डॉसच्या साध्या पडद्यावर, दोनच पॅनेल होती आणि टॅब दाबली की या बाजूचे काम त्या बाजूला. पॅनेल दोनच असल्याने लक्षात ठेवायचे काही उरत नसे. दोनाची सहा झाली, की अडचण सुरू होते.

कार्ड, मोरान आणि न्यूएल या संशोधकांनी १९८०मध्ये अशा हालचालींचा हिशोब मांडला. सरावलेल्या हाताला एक कळ दाबायला सुमारे ०.२ सेकंद लागतो. हात माउसकडे न्यायला ०.४ आणि नेम धरायला १.१. पण मनाची तयारी १.३५ सेकंद घेते. म्हणजे कळ जलद असली, तरी ‘कोणती कळ?’ हे आठवण्यातच तिची कमाई खर्ची पडू शकते. म्हणूनच विंडोजच्या अनेक प्रोग्रामांतली विभागणी अभ्यासण्याजोगी आहे: पॅनेलच्या आत फिरायला टॅब, पॅनेल ओलांडायला एफ६.

ज्यांना पडदा दिसत नाही, त्यांच्यासाठी हा प्रश्न सोयीपुरता राहत नाही. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर पॅनेलचे नाव उच्चारतो. प्रोग्रामकाराने नावच दिले नसेल, तर तो तरी काय सांगणार? २००८च्या डब्ल्यूसीएजी २.० या वेबविषयक निकषांनी फोकस दिसावा, त्याचा क्रम अर्थपूर्ण असावा आणि कीबोर्ड कुठेही अडकून पडू नये, अशा अटी घातल्या. डेस्कटॉपलाही त्या तितक्याच लागू पडतात.

या विषयात शिरायला प्रोग्रामिंग यायलाच हवे असे नाही. माउस बाजूला ठेवा, रोजच्या वापरातला एखादा प्रोग्राम केवळ कळांनी फिरून पाहा आणि फोकस कुठे दिसेनासा होतो ते टिपून ठेवा. पुढची प्रकरणे त्या टिपणाशी ताडून वाचावीत. जिथे पटणार नाही, तिथे वाद घालावा.