अंगणातली शाळा

ताईंनो, अंगणवाडी हा शब्द आपण रोज बोलतो. त्यामागची गोष्ट ऐका.

1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, समुद्राकाठच्या बोर्डी गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. माँटेसरीबाईंची पद्धत ताराबाईंना पटलेली होती, पण तिची लाकडी साधनं खेड्याला परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, गोटे, पानं, माती हीच साधनं झाली. बिया मोजायच्या, गोटे लहानमोठे लावायचे. वस्तीतली पोरं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. 1957 पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये वाढलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तिथं कुरणशाळा निघाली, म्हणजे पोरं जिथं, शाळा तिथं.

आम्हाला विचाराल तर, यात नुसती काटकसर नव्हती. जे लेकरू स्वतः बिया वेचतं, ते वेचता वेचताच निवडायला शिकतं. आयत्या डब्यातून ते कुठलं!

आमच्या कळमेश्वरच्या गटात खेळण्यांच्या संचासाठीही कर्ज मागितलं जातं. शेजारणीच्या पोरापेक्षा आपलं मागं पडेल, ही धास्ती. आम्ही नाही म्हणत नाही. आधी आठ दिवस चिंचोके अन् ज्वारीचे धांडे देऊन पाहा, एवढंच सांगतो. धांड्याची बैलगाडी त्यालाच जोडू द्या, चाक निखळलं तरी लगेच धावू नका. खेळणी कमी चालतील, ताटातली डाळ-भाजी नाही. आणि अगदी लहान्याच्या हाती चिंचोका देऊ नका, ते नाकात घालतं.