सोलापूर गिरणी खटला : नियमन व हरण यांतील सीमा

सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग कंपनीची गिरणी ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. कापडाचे उत्पादन घटले व कामगार बेकार झाले, ही कारणे देऊन केंद्र सरकारने जानेवारी १९५० च्या वटहुकुमाने तेथे आपले संचालक नेमले. मालकी मात्र कागदोपत्री कंपनीचीच राहिली. भाग धारकाच्या हाती शाबूत आहेत, म्हणून त्याच्या मालमत्तेचे हरण झालेले नाही, असे त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एका भागधारकाच्या अर्जावर ठरविले. पुढे नव्या संचालकांनी अग्रहक्काच्या भागांची न भरलेली रक्कम मागितली, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास न्यायालयात गेले. १८ डिसेंबर १९५३ रोजी निकाल फिरला : ताबा, व्यवस्था व उपभोग हे सारे गेल्यावर उरलेली मालकी नाममात्र होय, भरपाईवाचून असे करणे अवैध. शिकागोच्या धान्यकोठारांच्या दरांवर अमेरिकन न्यायालयाने १८७७ मध्ये मान्य केलेले नियमन याहून पुष्कळच सौम्य होते. तेथे कोठारे मालकांच्याच हाती राहिली होती. येथे वाद खरोखर शब्दार्थाचा होता. 'हरण' व 'संपादन' या संज्ञा न्यायालयाने एकत्र वाचल्या. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने त्या वेगळ्या केल्या आणि मालकी शासनाकडे जात नसेल तेथे भरपाईचा प्रश्नच उरू दिला नाही.