शेवट कोणाच्या मालकीचा?

कादंबरीचा शेवट लेखक ठरवतो, असे साहित्यशास्त्र गृहीत धरते. छापखाना ज्यांच्या वर्गाचा असतो, त्यांनाच हे गृहीत परवडते. अमेरिकेतील समलिंगी स्त्रियांच्या कादंबरीचा इतिहास पाहिला, तर शेवट हा केवळ कलेचा प्रश्न नसून मालकीचाही प्रश्न आहे, हे ध्यानात येते.

१९२८ साली लंडनच्या न्यायालयाने रॅडक्लिफ हॉल यांची 'द वेल ऑफ लोनलिनेस' ही कादंबरी अश्लील ठरवून तिच्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. पुढे अमेरिकेत हा विषय सामान्य वाचकापर्यंत मोठ्या प्रमाणावर पोचला, तो वाङ्मयाच्या प्रतिष्ठित दालनातून नव्हे. औषधांच्या दुकानांत आणि बसस्थानकांवर विकल्या जाणाऱ्या २५ सेंटच्या पुस्तकांनी तो पोचवला. फॉसेट या प्रकाशनसंस्थेने १९५० साली 'गोल्ड मेडल' ही माला काढली. मुखपृष्ठे पुरुष गिऱ्हाइकाची नजर ओढण्यासाठी रंगवलेली असत. आतला मजकूर मात्र कधी कधी एका स्त्रीने दुसरीसाठी लिहिलेला असे.

मॅरिजेन मीकर यांनी १९५२ साली 'व्हिन पॅकर' या टोपणनावाने 'स्प्रिंग फायर' लिहिली. संपादकांची अट होती की शेवट सुखाचा असता कामा नये, नाही तर टपाल खाते पुस्तके अडवील. म्हणून एक नायिका वेडी होते आणि आपले तिच्यावर प्रेम नव्हतेच, असा दुसरीला साक्षात्कार होतो. पुस्तकाच्या सुमारे १५ लाख प्रती खपल्या. म्हणजे टपाल खात्याच्या धाकाने ठरलेला शेवट १५ लाख वेळा छापला गेला!

त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथ यांनी 'क्लेअर मॉर्गन' या नावाआड राहून 'द प्राइस ऑफ सॉल्ट' प्रसिद्ध केली. तिच्यातील दोघी जिवंत राहतात आणि अखेरीस एकमेकींकडे परततात. एकीला मात्र त्यापायी आपली मुलगी गमवावी लागते. १९५३ साली स्वस्त आवृत्ती निघाली आणि वाचकांची आभाराची पत्रे येऊ लागली. या पुस्तकावर लेखिकेचे खरे नाव आले ते १९९० साली. सुखान्त म्हणजे बाजारू, असे प्रस्थापित समीक्षा म्हणते. परंतु ज्याला जगण्याचीच हमी नाही, त्याच्या लेखी सुखान्त ही चैन नसून मागणी असते.

ही मागणी पुरी व्हायला स्वतःचे व्यासपीठ लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' या संघटनेचे 'द लॅडर' हे मासिक १९५६ साली निघाले. त्यात पुस्तकांची परीक्षणे लिहिणाऱ्या बार्बरा ग्रिअर यांनी १९७३ साली सहकारिणींसह 'नायाड प्रेस' उभारली. मग प्रेमकथा आल्या, रहस्यकथा आल्या. कॅथरिन फॉरेस्ट यांच्या 'अमॅच्युअर सिटी'त (१९८४) समलिंगी स्त्री ही लॉस एंजेलिसची पोलीस अधिकारी आहे. गुन्ह्याचा तपास ती स्वतःच करते!

येथवरच्या नायिका बहुतांशी गोऱ्या होत्या. अ‍ॅन अ‍ॅलन शॉक्ली या फिस्क विद्यापीठातील कृष्णवर्णीय ग्रंथपाल होत. त्यांच्या 'लव्हिंग हर' (१९७४) या कादंबरीतील कृष्णवर्णीय रेने मारझोड करणाऱ्या नवऱ्याला सोडते आणि एका गोऱ्या स्त्रीबरोबर राहू लागते. या कादंबरीवर कठोर प्रहार झाला, तो कृष्णवर्णीयांच्याच 'ब्लॅक वर्ल्ड' या मासिकात. बाहेरचा शत्रू समोर असताना घरातले दुःख मांडू नये, हा युक्तिवाद आपल्याही कानांना अपरिचित नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून घेतले. तो लढा आपला मानायचा, तर रेनेही आपलीच मानावी लागेल. तिच्या नवऱ्याच्या बाजूने उभे राहून समतेची भाषा बोलता येणार नाही.

बार्बरा स्मिथ, ऑड्री लॉर्ड आणि त्यांच्या सहकारिणींनी १९८० साली 'किचन टेबल' हे कृष्णवर्णीय व इतर गौरेतर स्त्रियांचे प्रकाशन सुरू केले, त्यामागे हाच अनुभव होता. गोऱ्या भगिनींच्या छापखान्यात आणि आपल्याच बांधवांच्या मासिकात त्या पाहुण्याच होत्या.

१९९१ साली ज्युएल गोमेझ यांची 'द गिल्डा स्टोरीज' आली. तिची नायिका १८५० साली गुलामीतून पळालेली मुलगी आहे. पुढे ती रक्तपिपासू अमर योनीत जाते, परंतु रक्तासाठी कोणाचा जीव घेत नाही. रक्त घेते, त्याच्या मोबदल्यात काही देऊन जाते. कथा २०५० सालापर्यंत चालते आणि गिल्डा मरत नाही. भुताखेतांची गोष्ट म्हणून हे हसण्यावारी नेता येईल. पण जिला आधी मालकाने आणि मग संपादकाने मारायचे, तिला लेखिकेने दोनशे वर्षे जगवले, ही घटना वाङ्मयेतिहासात नोंदवावीच लागेल.

स्वतःचे नियतकालिक का काढावे लागते, हे या त्रैमासिकाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. विचारायचे ते इतकेच, की आपल्या पानांवर आपल्या बायकांच्या कथेचा शेवट कोण ठरवतो?