खुबा मोडला म्हणून अंथरूण धरायचं का?



मी सातवीत होते तेव्हा आमची आजी मोरीत पाय घसरून पडली. खुबा मोडला. तालुक्याला ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. घरी आणल्यावर आम्ही तिची फार सेवा केली. पाणी हातात, ताट हातात, कूस बदलायला दोघीजणी हजर. "आत्या, तुम्ही हलू नका," असं माझी आई दिवसातून दहादा म्हणायची. तीन महिन्यांनी हाड जुळलं, पण आजीला उभंच राहता येईना. ती पुन्हा कधी अंगणात आली नाही. सेवेत काही कमी नव्हतं, मग चुकलं कुठे? ते मला फार उशिरा कळलं. आज त्याचाच इतिहास सांगते.

मांडीचं हाड कमरेच्या वाटीत जिथे बसतं, तो खुबा. वय झालं की हाडं ठिसूळ होतात, पाळी गेल्यावर बायकांची तर जास्तच. मग साधं घसरून पडणंही पुरतं.

ऑपरेशन नव्हतं त्या काळात लंडनचे सर्जन अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२२ साली सांध्यांच्या दुखापतींवर पुस्तक लिहिलं. सांध्याच्या आत मोडलेलं हे हाड म्हाताऱ्या माणसाचं सहसा जुळत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. ते जुळेल म्हणून महिनोन्‌महिने निजवून ठेवलं तर माणूसच हातचा जातो, हेही पाहिलं होतं. म्हणून ते सांगत, दुखणं ओसरलं की खुर्चीत बसवा, कुबड्या द्या. दोनशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला! पण हाड जोडायची धडपड चालूच राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉयल व्हिटमन अशा रोग्याला छातीपासून पावलापर्यंत प्लास्टर घालत. काहींची हाडं जुळली, पण प्लास्टरमध्ये महिनोन्‌महिने पडून राहणं म्हाताऱ्या जिवाला फार जड जाई. १९२५ साली बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी तीन पाती असलेला खास खिळा हाडात बसवला. आता पडून राहायची तेवढी गरज उरली नाही. खिळा आला, तरी अंथरुणाची सवय मात्र सुटली नाही.

ती सोडवण्यात बायकांचा मोठा वाटा आहे. १८९४ साली लंडनमध्ये चार परिचारिकांनी मिळून मालिश करणाऱ्या प्रशिक्षित बायकांची संस्था काढली. आपलं काम नीट शिकलेलं असावं आणि त्याला मान मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ब्रिटनमधला फिजिओथेरपीचा पेशा त्या संस्थेतून वाढला. आपल्याकडे मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण १९५० च्या दशकात सुरू झालं.

दुसरी गोष्ट डॉक्टर मार्जोरी वॉरन यांची. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या अनाथ-गरिबांच्या दवाखान्यातले ७१४ रोगी आले. त्यांत बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं खाटेवर पडलेले. हे आता बरे व्हायचे नाहीत, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. वॉरनबाईंनी एकेकाला तपासलं. कोणाला काय झालंय, कोण काय करू शकेल, याची नोंद केली. भिंती रंगवल्या, उजेड वाढवला, धरायला कठडे बसवले, आणि माणसांना उठवायला लागल्या. आधी बसवणं, मग उभं करणं, मग चालवणं. अनेकजण पायांवर घरी गेले. पुढे २४० खाटांमध्येच काम भागू लागलं. म्हणजे त्यातल्या कितीतरी जणांना आजारापेक्षा अंथरुणानेच अडवलं होतं.

अंथरूण काय करतं? २००७ साली अमेरिकेत धडधाकट वयस्कर माणसांना दहा दिवस खाटेवर ठेवून पाहिलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस उतरलं. त्यांना काही झालेलंही नव्हतं! मग आमच्या आजीचे तीन महिने मोजा.

पण गेलेली ताकद म्हातारपणी परत येते का? १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहाजणांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, पायाने वजन उचलायचा व्यायाम केला. नऊजणांनी तो पुरा केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली आणि दोघांची काठी सुटली.

२०१४ साली बोस्टन भागातच एक अभ्यास छापून आला. खुबा मोडून नेहमीचे उपचार संपलेल्या २३२ माणसांपैकी निम्म्या जणांना सहा महिने घरीच व्यायाम दिला. खुर्चीतून उठणं-बसणं, पायरी चढणं, अशी रोजचीच कामं. शिकवणारी व्यक्ती फक्त तीनदा घरी आली, बाकी महिन्याला फोन. त्यांचं हिंडणं-फिरणं इतरांपेक्षा सुधारलं. फार मोठा चमत्कार नव्हे, थोडंच. पण स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जाता येणं हे थोडं का?

म्हणून मैत्रिणींनो, घरचं माणूस दवाखान्यातून आणताना दोन प्रश्न विचारल्याशिवाय निघू नका. पायावर किती भार द्यायचा? आणि उभं कधीपासून करायचं? आजकाल बहुतेकदा ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांतच उभं करतात. घरी पक्की, हात असलेली, जरा उंच खुर्ची ठेवा. डॉक्टर सांगतील तसं उठणं-बसणं करून घ्या, जवळ उभ्या राहा, पण उचलू नका. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पोटरी सुजली, दम लागला किंवा दुखणं एकदम वाढलं तर थांबा आणि डॉक्टरांना गाठा. मोरीतली फरशी घसरडी असेल तर तीही बघा.

आमच्या गटात आता एक रीत पडली आहे. कोणाच्या सासूबाई अशा घरी आल्या की बैठक झाल्यावर दोघी-तिघी जातो. खाटेभोवती बसून चहा पीत नाही. "चला आत्या, दारापर्यंत जाऊ," म्हणतो. चहा दारातच घेतो.